बंबाच्या पोटातली आग

बंब नीट पाहायचा असेल तर तो विझलेला असताना पाहावा. पेटलेल्या बंबापाशी सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे असतं. विझल्यावर, तांबं गार झाल्यावर, वरून आत डोकवावं. मधोमध एक जाड नळी सरळ खाली उतरलेली दिसते. तिच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाण्याचं पोट. पुढे पितळी तोटी, वर पाणी ओतायचं तोंड, उचलायला दोन कड्या. संपलं. एकही भाग शोभेचा नाही, तरी दिवाळीच्या आधी चिंचेने घासून ठेवलेला बंब देवघरातल्या समईइतकाच देखणा दिसतो.

या वस्तूचं मर्म एका उलटापालटीत आहे. चुलीवरच्या हंड्यात पाणी आत असतं आणि जाळ बाहेर. जाळाचा एक तुकडा हंड्याच्या बुडाला लागतो, बाकीचा दोन्ही अंगांनी निघून जातो. बंबाने आग पाण्याच्या पोटात घेतली. आता जाळ कुठल्याही बाजूला वळला तरी त्याला पाणीच भेटतं. रशियातल्या समोवारची रचनाही अशीच, फक्त तिकडे ती चहासाठी झाली आणि आपल्याकडे आंघोळीसाठी. ज्या देशाला जी ऊब हवी होती तिच्याभोवती कारागिराने भांडं गुंडाळलं.

हा बंब मला महत्त्वाचा वाटतो तो गुढ़ियारीसारख्या वस्तीमुळे. गुढ़ियारी म्हणजे रायपूर स्टेशनची पलीकडची बाजू. किराण्याचा थोक बाजार, पोत्यांनी भरलेले ट्रक, हमालांची ये-जा, आणि बाजाराच्या मागे एकमेकांना खेटून उभी असलेली लहान घरं. छत्तीसगडात मराठी माणसं जुनी. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला कारभार करायला आले, आणि पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या यांच्या निमित्ताने विदर्भातली कुटुंबं रायपुरात येत राहिली. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे. नागपूरहून रायपूरला येणाऱ्या गाडीला वाटेत भंडारा रोड लागतं, आणि भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव. संसार हलवणाऱ्या माणसाच्या सामानात बंब असणं त्या काळी अगदी साहजिक होतं.

इथली थंडी लहान असते. नोव्हेंबरच्या अखेरीस ती येते, संक्रांतीनंतर ओसरायला लागते. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर, कधी त्याच्याही खाली; दुपारी पुन्हा अंगावर ऊन नकोसं. शिवाय ही घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. ती मे महिन्याच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांसाठी बांधलेली असतात, वारा खेळता राहावा म्हणून. त्यामुळे अख्खी खोली चोवीस तास उबदार ठेवणं इथे कुणाच्या मनातही येत नाही. तापवायचं असतं ते घरातलं माणूस, आणि तेही दोन वेळा: पहाटे उठल्यावर आणि रात्री जेवण झाल्यावर. पहाटेचं काम बंबाचं. रात्रीचं काम गोरसीचं.

गोरसीबद्दल इथे थोडं थांबायला हवं. छत्तीसगडी घरातलं हे मातीचं पसरट, खोलगट पात्र. त्यात छेना, म्हणजे आपली गोवरी, पेटवायची, धूर निघून जाईपर्यंत अंगणात ठेवायची, मग निखारे राखेने झाकून आत आणायची. राख हा गोरसीचा खरा कारभारी. राखेचा थर जाड ठेवला की हवा कमी पोचते आणि निखारा तासन् तास जगतो. काडीने जरा उकरला की भराभर तापतो. बाळंतिणीच्या खोलीत, तान्ह्या बाळाला शेकताना, म्हाताऱ्या गुडघ्यांपाशी, सगळीकडे हीच गोरसी. मराठी घरात बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी देतात, त्या शेगडीशी तिचं नातं सख्ख्या बहिणीचं आहे. जाड मातीला उष्णता हळू शिरते आणि हळू सुटते, म्हणून आग निजल्यावरही गोरसीची ऊब राहते.

पण गोरसीत एक धोका मुरलेला आहे आणि तो प्रेमापोटी झाकून ठेवणं चूक होईल. कोंडलेल्या, अर्धवट मिळालेल्या हवेत धुमसणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. दार-खिडकी लावून, गोरसी उशाशी ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. दर हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतातून बंद खोलीतल्या शेगडीने माणसं गेल्याच्या बातम्या येतात. गोरसी पेटलेली असताना एक झरोका उघडा हवाच, आणि निजण्याआधी ती बाहेर जायला हवी.

आता पुन्हा बंबाकडे. त्याच्या पोटातली आग वाचायची तर लाकूड कसं जळतं ते आधी पाहावं लागतं. आपण म्हणतो लाकूड जळतं, पण ज्वाला दिसते ती लाकडाची नसते. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. ज्वाला त्या वायूंची. उरतो तो कोळसा, तो ज्वालेशिवाय लाल होऊन जळतो. सुटलेल्या वायूंना पेटायला दोन गोष्टी लागतात: भरपूर हवा आणि सहाशे अंशांच्या आसपास उष्णता. दोन्ही मिळाल्या तर धूर जळून जातो. एक जरी कमी पडली तरी तोच वायू काजळी होऊन भिंतीला बसतो, डोळ्यांत जातो, छातीत जातो. धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण.

बंबाच्या नळीने यातलं एक काम फार सुंदर केलं आहे. उभी नळी तापली की आतली हवा हलकी होऊन वर चढते आणि जाळीखालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. फुंकणी लागत नाही. काही मिनिटांत बंब धडधडू लागतो, ज्यांनी तो ऐकला आहे त्यांच्या कानात तो घुमणारा आवाज अजून असेल. तो आवाज हवेच्या ओढीचा. हवा हवी तिथे, हवी तितकी, माणसाने हात न लावता पोचते. नुसत्या आकाराने साधलेलं हे काम पाहून मला दर वेळी त्या तांबटाला नमस्कार करावासा वाटतो.

दुसरं काम मात्र तिथेच फसतं, आणि बंबाचं रसग्रहण करताना या जागेपाशी सर्वांत जास्त रेंगाळावं असं मला वाटतं. नळीची भिंत तांब्याची. तांबं उष्णता झरझर वाहून नेतं आणि पलीकडे पाणी आहे. पाणी उकळलं तरी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. म्हणजे आग कितीही भडकली तरी तिच्या चारी बाजूंची भिंत आगीच्या मानाने थंडच राहते. ज्वाला त्या भिंतीला टेकली की पेटायला निघालेला वायू तिथेच गारठतो आणि अर्धवट राहतो. बंब पेटवल्यावर पहिला बराच वेळ त्याच्या तोंडातून दाट धूर येतो, नळी आतून काळीकुट्ट होते, ती यामुळे. जी रचना पाण्याला जाळाच्या इतकं जवळ नेते, तीच जाळाला पुरतं जळू देत नाही. गुण आणि दोष एकाच भिंतीच्या दोन बाजू आहेत.

जुन्या घरांतल्या बायकांनी हा दोष पुस्तकाविना ओळखला होता. बंबात ओंडका कुणी टाकत नसे. बारीक ढलप्या, नारळाच्या करवंट्या, विदर्भातल्या घरांत तुराट्या-पऱ्हाट्या, आणि तेही एका वेळी मूठभर. वाळलेलं, बारीक सरपण चटकन तापतं, त्याचा वायू थोडा थोडा सुटतो आणि पुरती हवा मिळून जळतो. ज्वाला बसली की वर कोळसा टाकायचा. कोळशातला वायू आधीच निघून गेलेला असतो, त्यामुळे थंड भिंतीचं त्याला फारसं वावडं नसतं. ओल्या लाकडाला तर बंबापाशी थाराच नव्हता. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यातच आगीचा मोठा वाटा खर्च होतो. बंबाची कारागिरी अशी अर्धी तांबटाच्या हातात होती आणि अर्धी सरपण घालणारीच्या.

थंड देशांतल्या लहान घरात आज बसवतात त्या नव्या लाकडी स्टोव्हने हे कोडं वेगळ्या रीतीने सोडवलं. लोखंडी पेटीच्या आत उष्णतारोधक विटांचं अस्तर असतं, त्यामुळे जाळाच्या भोवतीची भिंत तप्त राहते. वरच्या बाजूला छोट्या छिद्रांतून आधीच तापलेली दुसरी हवा सोडलेली असते; ती धुराला गाठते आणि धूर काचेआड निळसर-पिवळ्या ज्वाळांनी पेटतो. आडवी पट्टी लावून वायूची वाट लांबवलेली असते. आधी पुरतं जळू द्यायचं, उष्णता मग काढून घ्यायची, हा त्या रचनेचा क्रम. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या रॉकेट चुलीचंही तत्त्व हेच: आधी भोवती उष्णता कोंडून ठेवणारी जळणाची नळी, नंतर भांडं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० पासून नव्या स्टोव्हच्या धुरावर तासाला दोन ग्रॅम धूलिकणांची मर्यादा घातली, ती अशा रचनांमुळेच पाळता येते. लहान घराची एक अडचण मात्र तिकडेही आहे. खोलीच्या मानाने स्टोव्ह मोठा घेतला की खोली भट्टी होते. मग लोक हवा बंद करून आग कोंडतात, आणि इतका विचार करून बांधलेला स्टोव्ह गोरसीसारखा धुमसू लागतो. लहान घराला लहान आग हवी, पण ती मोकळ्या हवेत, कडक जळणारी.

आपल्याकडे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये उभ्या केलेल्या ‘आरती’ या संस्थेने आणि डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी या विषयावर जन्म घालवला आहे. ‘संपदा’ शेगडी ही त्यातलीच. तिच्यात लाकडाचा वायू वर जळतो आणि तळाशी कोळसा शिल्लक राहतो, तो पुन्हा वापरता येतो. भारतीय मानक संस्थेने २०१३ मध्ये चुलींसाठी किमान कार्यक्षमता ठरवली, साध्या चुलीला २५ टक्के, पंख्याच्या चुलीला ३५. या साऱ्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी एक खंत राहते. चर्चा फिरली ती बहुतेक भाकरी-भाताच्या भांड्याभोवती. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघर गेला, स्वयंपाक गॅसवर आला, पण कित्येक घरांत आंघोळीचं पाणी अजून लाकडावरच तापतं. बादलीभर पाण्यासाठी सिलिंडर जाळणं परवडत नाही, हा साधा हिशोब त्यामागे असतो.

तो हिशोब लाकडाच्या बाजूनेही मांडून पाहावा. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तरपर्यंत न्यायला सव्वाचार मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते. एवढ्यात विसण घालून दोन-तीन माणसांच्या आंघोळी होतात. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे सोळा मेगाज्यूल असते. चौथा हिस्सा पाण्यात उतरला तर किलोभराहून थोडं जास्त लाकूड पुरतं. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा-पंधरा टक्केच उतरते, तिथे दोन-तीन किलो जातं, आणि त्या जास्तीच्या लाकडाचा धूर शेजारच्या खिडकीत जातो. गुढ़ियारीत शेजारची खिडकी हाताच्या अंतरावर असते.

म्हणून बंब मोडीत घालण्याऐवजी त्याचा खालचा वीतभर भाग बदलावा असं मला वाटतं. जाळीच्या वर पाण्याचं पोट लगेच सुरू न करता मधे पक्क्या, भाजलेल्या मातीची पोकळ मांडणी हवी, जिच्या भिंती तापून लाल होतील आणि धूर तिथेच जळून जाईल. वरच्या कडेला दुसऱ्या हवेसाठी छिद्रं. त्याच्या वर तांब्याची नळी, आहे तशीच. हे काम एकट्या तांबटाचं नाही, त्याला कुंभार लागेल, आणि गोरसी घडवणारे कुंभार रायपूरच्या आसपासच्या गावांत आजही आहेत. त्यांना माती किती जाड ठेवायची आणि ती तडकू नये म्हणून तिच्यात काय मिसळायचं हे कुठल्याही प्रयोगशाळेइतकंच नेमकं ठाऊक असतं. धुराची नळी छपराच्या वर हातभर निघायला हवी, बंब उघड्यावर किंवा मोकळ्या पडवीत हवा, आणि पहिली चाचणी थर्मामीटरने न घेता नळीच्या तोंडाकडे पाहून घ्यावी: पाच मिनिटांनंतर तिथून धूर दिसत असेल तर कुंभाराने पुन्हा हात लावायचा.