'लिटल मिस सनशाइन': एक घर, चार तत्त्वज्ञानं

आज जो सिनेमा घेतलाय तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ज्यांनी नसेल पाहिला त्यांना शेवट आत्ताच कळणार आहे, त्याला इलाज नाही. या सिनेमावरचं भांडणच मुळी शेवटावरून आहे.

'लिटल मिस सनशाइन', 2006 साल. जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या नवरा-बायकोचा हा पहिला कथापट. त्याआधी ते गाण्यांचे व्हिडिओ आणि जाहिराती करत. पटकथा मायकेल आर्न्ट यांची. खर्च साधारण 80 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चिल्लर. सनडान्स महोत्सवात तो गाजला आणि पुढे पटकथेला व आजोबा झालेल्या ॲलन आर्किन यांना ऑस्कर मिळालं. गोष्ट एवढीच: न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचं हूवर कुटुंब धाकट्या ऑलिव्हला छोट्या मुलींच्या सौंदर्यस्पर्धेसाठी कॅलिफोर्नियातल्या रिडाँडो बीचला घेऊन निघतं. पिवळी फोक्सवॅगन व्हॅन, सहा माणसं. वाटेत व्हॅनचा क्लच जातो आणि आजोबाही जातात.

आता मतभेद. ज्यांना सिनेमा आवडला त्यांचं म्हणणं सरळ आहे: हसता हसता डोळ्यांत पाणी येतं, आणि जिंकणं-हरणं या अमेरिकी वेडाची छान खोड मोडली जाते. ज्यांना नाही आवडला ते म्हणतात, ही माणसं कारखान्यात बनवलीयत. एक मुलगा बोलत नाही, मामा आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलाय, आजोबा हेरॉइन ओढतात, बाप यशाची सूत्रं विकतो. प्रत्येकाच्या कपाळावर एकेक चिठ्ठी. विक्षिप्त कुटुंब, जुनी गाडी, लांबचा रस्ता आणि शेवटी सगळे एकत्र, हा स्वतंत्र सिनेमांचा ठरलेला साचा झालाय, असा त्यांचा आक्षेप. तिसरा एक गट आहे, तो चिडलेला आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

चिठ्ठ्यांचा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. फक्त तो लावणारे लोक चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचत नाहीत, आणि आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला ते वाचल्याशिवाय राहवत नाही. या घरात चार तत्त्वज्ञानं नांदतात. वडील रिचर्ड यांचा नऊ पायऱ्यांचा कार्यक्रम आहे. जगात दोनच प्रकारची माणसं, जिंकणारी आणि हरणारी. मामा फ्रँक हा प्रूस्तचा मोठा अभ्यासक. मुलगा ड्वेन याने नीत्शे वाचून मौन धरलंय, हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश मिळेपर्यंत बोलायचं नाही. आणि आजोबांचं तत्त्वज्ञान चार्वाकाच्या नावावर खपवलं जातं तसलं, तूप प्या आणि उधारीची चिंता सोडा. त्यापायी त्यांना वृद्धाश्रमातून काढून टाकलंय.

ड्वेनचं बघा. झरथुष्ट्र दहा वर्षं डोंगरावर एकांतात राहतो हे खरं, पण पुस्तक सुरू होतं ते तो खाली उतरून बोलायला लागतो तिथून. पोरानं पुस्तकातला डोंगर तेवढा घेतला. पुढे त्याला कळतं की आपल्याला रंगांधळेपणा आहे, वैमानिक होणं शक्य नाही. नीत्शेची खरी परीक्षा इथं आहे: नशिबी आलेलं नुसतं सोसायचं नाही, तर ते आपलंच म्हणून त्यावर प्रेम करायचं. ड्वेन काय करतो? गाडीतून उतरून माळावर धावत जातो आणि किंचाळतो. नऊ महिन्यांचं मौन एका शिवीनं सुटतं. आम्हाला वाटतं, सबंध सिनेमात नीत्शेच्या सगळ्यात जवळ तो याच क्षणी आहे.

फ्रँक पुढे समुद्रावरच्या धक्क्यावर ड्वेनला समजावतो की प्रूस्तनं मागे वळून पाहिलं तेव्हा त्याला दुःखाचीच वर्षं मोलाची वाटली, सुखाची फुकट गेली. हे ऐकून प्रेक्षक हळवे होतात. प्रूस्तच्या कादंबरीच्या शेवटच्या खंडात या अर्थाचा विचार आहेच, पण तिथं दुःखाला मोल येतं ते लिहिण्याच्या कामामुळे. काम वगळलं की उरतं ते सांत्वन. फ्रँकला हे माहीत नसेल असं नाही. आपल्या क्षेत्रातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान म्हणवतो तो स्वतःला. पण समोर हताश पोरगा असताना ग्रंथातलं वाक्य पूर्ण सांगायचं की त्याला उपयोगी पडेल तेवढंच, हा प्रश्न आमच्या वर्गातही अनेकदा यायचा.

असो. चारही तत्त्वज्ञानं वाटेत मोडतात आणि गाडी मात्र चालते, कारण ती ढकलावी लागते. सगळ्यांनी उतरायचं, ढकलायचं, वेग आला की धावत जाऊन एकेकानं आत उडी मारायची. यात कुणाचं मत विचारात घेतलं जात नाही. माळावर बसलेल्या ड्वेनला आई समजावते, तो ऐकत नाही. ऑलिव्ह जाते, शेजारी बसते, खांद्यावर हात टाकते, एक शब्द बोलत नाही. तो उठतो. साच्याचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा.

आजोबांच्या मृत्यूनंतरच्या प्रसंगाबद्दलही दोन मतं आहेत. परवान्याशिवाय मृतदेह राज्याच्या हद्दीबाहेर नेता येणार नाही असं इस्पितळात सांगतात, तेव्हा ही मंडळी तो चादरीत गुंडाळून खिडकीतून काढतात आणि व्हॅनमध्ये ठेवतात. काहींना हे ओंगळ वाटलं. आपल्याकडे भरतमुनी हास्याचा उगम शृंगारात आणि करुणाचा रौद्रात सांगतात. पुढे अभिनवगुप्त म्हणतात की कोणताही रस अनुचित जागी आला की त्याचा आभास होतो आणि त्यातून हास्य निघतं. करुणसुद्धा त्यातून सुटत नाही. इथं तसंच घडतं, पण एक फरक आहे. ही माणसं प्रेताची थट्टा करत नाहीत, त्यांना आजोबांना मागे टाकून जायचं नाहीये. अनुचित कृती आहे, भाव उचित आहे. म्हणून आपण हसतो आणि लाजत नाही.

आता तो चिडलेला तिसरा गट. स्पर्धेत ऑलिव्ह जो नाच करते तो आजोबांनी बसवून घेतलेला, कपडे उतरवण्याच्या क्लबातला. एवढ्याशा मुलीकडून हे करवून घ्यायचं आणि त्यावर हशा मिळवायचा, हे काही लोकांना सहन होत नाही. त्यावर सिनेमाचं उत्तर ठरलेलं आहे: बाकीच्या मुली बघा, रंगवलेल्या, केस फुगवलेल्या, मोठ्या बायकांसारख्या उभ्या केलेल्या, ऑलिव्ह निदान स्वतःसाठी नाचतेय. अश्लील काय, ते तुम्हीच ठरवा. उत्तर हुशारीचं आहे, पण आमचं त्यानं समाधान होत नाही. त्या बाकीच्या मुली अशा स्पर्धांत खरोखर भाग घेणाऱ्या होत्या, नेहमी सजतात तशाच सजलेल्या. म्हणजे ऑलिव्हला हसण्यातून वाचवायचं आणि हसू त्या खऱ्या पोरींवर वळवायचं. हरणाऱ्यांची बाजू घेणारा सिनेमा इथं स्वतःच परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊन बसतो. आणि आजोबांनी हा नाच का शिकवला हे विचारायला ते हयात नाहीत. मेलेल्या माणसाला आपण सगळेच जरा लवकर माफ करतो.

शेवटी आई. शेरिल, टोनी कोलेट यांनी केलेली. या घरात तत्त्वज्ञान नाही ते हिच्याकडेच. ती कामावरून येताना तळलेल्या कोंबडीची बादली आणते, कागदी ताटल्या मांडते, भावाला इस्पितळातून घरी आणते, नवऱ्याच्या नऊ पायऱ्यांत घरचे पैसे अडकलेत त्याचा घोर घेते. रिचर्ड कोसळतो, ड्वेन कोसळतो, फ्रँक आधीच कोसळलाय. शेरिलला कोसळण्याचा प्रसंग दिलेला नाही. चाहते म्हणतात, तीच एक शहाणी आहे. पण शहाणपण आहे की लेखकानं तिला काही विचारलंच नाही? बाकीच्यांनी आपापली तत्त्वज्ञानं पाळावीत म्हणून कुणीतरी जेवण आणावं लागतं, हे आपल्या मराठी घरांतून आलेल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. साच्याचा आरोप कुठं टिकत असेल तर तो इथं टिकतो.

तरी एक जागा आहे. स्पर्धेच्या पडद्यामागे ड्वेन आईला म्हणतो, तू आई आहेस, तिला थांबव. शेरिलला ते पटत नाही. ऑलिव्हला ऑलिव्ह असू द्यायला हवं असं तिचं म्हणणं. मग ती मुलीपाशी जाते आणि तिला सांगते की नाचायचं नसेल तर नको नाचूस, आम्हाला तुझा अभिमानच आहे. ऑलिव्ह जरा विचार करते आणि रंगमंचाकडे जाते. तेवढ्या लहान मुलीचा होकार कितपत धरायचा, हा वाद राहतोच, आणि तिसऱ्या गटाशी आम्ही तो घालत बसणार नाही. पण त्या इमारतीत किती आया आहेत, आणि मुलीला विचारताना आपल्याला दिसते ती ही एकटी. दिग्दर्शकांनी हा क्षण दिलाय आणि लगेच गाणं लावलंय.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या, आणि ज्यांना शेवटचा नाच अजिबात आवडला नाही त्यांनी आधी हात वर करा.