विजेच्या पेटीवरील दहा राग

आपल्या संगीतांत एखादें नवें वाद्य आलें कीं प्रथम त्याच्या कुळाची चौकशी होते, आणि मग सवड मिळाल्यास त्याचे सूर ऐकले जातात. बाजाच्या पेटीची हीच गत झाली. युरोपांतून आलेली ही पेटी महाराष्ट्राच्या रंगभूमीनें आपलीशी केली, ‘मानापमाना’च्या पदांना चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांसारख्या गुणी वादकाच्या हातीं तिला स्वतंत्र वादनाचाही मान मिळाला, आणि तरीही १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर काढलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिला पुन्हा प्रवेश मिळाला, पण आक्षेप होता तो होताच. पट्टीवर दोन सुरांमधील मींड निघत नाहीं, आणि बारा सूर सारख्या अंतरांवर कापलेले असल्यामुळें रागाची श्रुति तिच्यांत सांपडत नाहीं, असा तो आक्षेप.

आज विजेच्या पेटीवर, म्हणजे लोक जिला सरसकट ‘कीबोर्ड’ म्हणतात तिच्यावर, हाच आरोप येतो. नव्या मुंबईंत बोनकोड्यासारख्या जुन्या गांवठाणांत हळदीच्या मांडवापुढें ती वाजते. शेजारच्या कोपरखैरण्याच्या वसाहतींत शाळकरी मुलें तिच्यावर भूप आणि यमन घोटतात, आणि वादन संपलें कीं एक कळ दाबून तेंच वादन आईबापांस पुन्हा ऐकवितात. ह्या कळेनें नेमकें काय मुद्रित होतें, हा प्रश्न वरवर यंत्रज्ञाचा दिसला तरी वस्तुतः रसिकाचा आहे. त्याचा विचार करण्यास मुंबईंतच तयार झालेली एक ध्वनिमुद्रिका फार उपयोगी पडते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत विजेचीं स्वरवाद्यें जुनीं आहेत. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटांतील सुप्रसिद्ध बीन ही बीन नसून कल्याणजींनीं वाजविलेलें क्लॅव्हिओलिन आहे, हें आतां पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच परंपरेंतील एक वादक चरणजित सिंग (मृत्यु २०१५) ह्यांनीं १९८२ सालीं ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही मुद्रिका केली. तींत तोडी, ललत, भूपाळी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी इत्यादि दहा राग आहेत, आणि प्रत्येकास सुमारें पांच मिनिटें मिळालीं आहेत. साधनें तीन, सर्व जपानच्या रोलंड कंपनीचीं : पट्ट्यांचें ‘जुपिटर–८’, खर्जाची ओळ पुनःपुन्हा वाजविणारें ‘टीबी–३०३’, आणि तालासाठीं ‘टीआर–८०८’. तबला नाहीं, तंबोरा नाहीं.

ही मुद्रिका त्या वेळीं विस्मृतींत गेली. १९८७ सालीं शिकागोंतील ‘फ्यूचर’ ह्या मंडळींनीं त्याच खर्ज-यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढली, आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा नृत्यसंगीताचा पंथ प्रसिद्धीस आला. २०१० सालीं सिंगांची मुद्रिका परदेशांत पुन्हा निघाली, तेव्हां असेंच कांहीं मुंबईंत पांच वर्षें आधीं घडलें होतें, म्हणून तिचा मोठा गौरव झाला. परंतु आधीं कोणी केलें हा प्रश्न इतिहासाचा आहे. चांगलें काय झालें हा रसिकतेचा. परक्यांनीं कौतुक केलें म्हणून आपण हुरळून जाऊं नये, आणि त्यांनींच केलें म्हणून नाकही मुरडूं नये.

दोष आधीं सांगतों. तोडीचा गंधार ज्यांच्या कानांत मुरला आहे त्यांस पट्टीवरचा कोमल गंधार उपराच वाटेल. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय ह्या यंत्रांत आहे खरी. पण ती मींड नव्हे. घसरणीचा वेग आधीं ठरवून ठेवावा लागतो. मींडेचा वेग गायकाच्या त्या क्षणाच्या मनोवृत्तीवर ठरतो. दुसरा दोष तालाचा. आपल्या ठेक्यांत सम आणि खाली असते, म्हणून परतण्याला अर्थ येतो. येथें प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. जेथें खाली नाहीं तेथें समेचा आनंद कोठून येणार? कलावती व बैरागी हे मोजक्या स्वरांचे राग ह्यांतून बरेच सुखरूप बाहेर पडतात, पण विलंबित विस्ताराची अपेक्षा येथें व्यर्थच आहे.

इतकें असूनही ही मुद्रिका टिकाऊ वाटते, आणि तिचें कारण हातांत आहे. खालीं यंत्राचा काळ घड्याळासारखा चालला आहे, आणि वर माणसाचा हात रागाच्या चलनाची वाट धरून मोकळेपणानें फिरतो आहे. हात कोठें थबकतो, कोठें घाई करतो, हें स्पष्ट ऐकूं येतें. यंत्र अचल असल्यामुळेंच त्या हाताचें चंचलपण उठून दिसतें. ही मैफल नाहीं. पण हें वादन आहे, ह्याविषयीं शंका राहत नाहीं.

नेमकी हीच गोष्ट घरगुती मुद्रणांत हरवण्याचा संभव आहे. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठीं ‘मिडी’ नांवाची सामाईक पद्धति रूढ झाली. पुष्कळ कीबोर्डांवरील मुद्रणाची कळ ह्याच पद्धतीनें चालते. तिनें ध्वनि मुद्रित होत नाहीं; कोणती पट्टी केव्हां, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, एवढा वृत्तान्त लिहिला जातो. भातखंड्यांच्या स्वरलिपींत जसा बंदिशीचा सांगाडा, तसाच हा वादनाचा सांगाडा. फार बारीक, पण सांगाडाच. त्यास मागाहून सतारीचा आवाज द्यावा किंवा बांसरीचा. आणि चुकलेला सूर एका क्षणांत मात्रेवर आणून बसवावा. संगणकावर तर सगळें वादनच एका आज्ञेनें लयींत ‘सुधारतां’ येतें.

सोय म्हणून हें उत्तम आहे. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनें त्यांत धोका आहे. मुलगा मात्रेच्या मागें पडत होता कीं पुढें धांवत होता, हें सुधारलेल्या मुद्रणांत कळत नाहीं. आणि गुरूला नेमकें तेंच कळणें अवश्य असतें. शिवाय लयीच्या अंगावर रेलून जाणें हा कित्येकदां दोष नसून गुण असतो, आणि यंत्राच्या तराजूंत दोहोंचें वजन एकच भरतें. म्हणून पालकांनीं पहिलें, न सुधारलेलें वादन जपून ठेवावें, आणि रोज थोडा वेळ तंबोऱ्याच्या सुरांत मुलाकडून गाऊन घ्यावें. म्हणजे पट्टीनें न दिलेली श्रुति कानास परकी राहणार नाहीं.

पट्टी ही रागाची शत्रु नव्हे, आणि मुद्रण हें वादनाचें मरणही नव्हे. चरणजित सिंगांच्या मुद्रिकेंत पट्टीचे सर्व दोष आहेत, परंतु त्यांवर कोणी रंग चढविलेला नाहीं. म्हणूनच ती आजही ऐकावीशी वाटते.