साधारणीकरणाची उलट वाट : ‘निअर : ऑटोमाटा’मधील उत्सर्ग

शोकात्म कलाकृतीतील बलिदान आपल्याला आस्वाद्य का वाटते, याची भट्टनायकाने केलेली उपपत्ती मराठी समीक्षेला परिचित आहे. साधारणीकरणाच्या व्यापारात ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’ हे भेद गळून पडतात आणि प्रेक्षक स्वतःच्या हिताहितापासून तेवढ्यापुरता मुक्त होतो. नायक सर्वस्व गमावतो तेव्हा प्रेक्षकाचे काहीच जात नाही. किंबहुना काही जात नाही म्हणूनच करुणाचा आस्वाद शक्य होतो. व्हिडिओ गेमच्या संदर्भात ही उपपत्ती कितपत टिकते, हे तपासण्यास योको तारो यांनी दिग्दर्शित केलेली ‘निअर : ऑटोमाटा’ (२०१७) ही जपानी कृती विशेष उपयुक्त आहे.

कथानक दूरच्या भविष्यात घडते. परग्रहवासीयांनी धाडलेल्या यंत्रांनी पृथ्वी व्यापली आहे आणि चंद्रावर आश्रय घेतलेल्या मानवजातीसाठी अँड्रॉइड त्यांच्याशी लढत आहेत, असे प्रारंभी सांगितले जाते. पुढे उघड होते की मानवजात केव्हाच नामशेष झाली आहे. चंद्रावरील मानव ही लढणाऱ्यांना प्रयोजन पुरवण्यासाठी रचलेली बतावणी आहे. आणि ती टिकावी म्हणून या पथकाचा विनाशही आधीच योजलेला आहे. टूबी ही योद्धी तर आपला सहकारी नाइनएस सत्याजवळ पोहोचला की त्याला ठार करण्यासाठीच नेमलेली असते. ज्याच्यासाठी बलिदान करायचे तोच अस्तित्वात नाही, ही या कृतीतील खरी भीषणता. एका अखेरीत एटू नाइनएसला वाचवून स्वतः संपते, तर दुसरीत दोघेही मरतात. येथवर ही रूढ अर्थाने शोकात्मिकाच आहे आणि खेळणारा अजून प्रेक्षकच आहे.

या दोन्ही अखेरी पाहिल्यावरच पाचवी अखेर खुली होते. कथा संपली असून श्रेयनामावली सुरू होते. योजनेनुसार आता उरलेली सर्व माहिती पुसली जायची असते. परंतु पात्रांच्या सोबतीला असलेल्या ‘पॉड’ या सहायक यंत्रांपैकी एक तसे करण्यास नकार देते. मग खेळणाऱ्याला चक्क निर्मात्यांच्या नावांशी लढावे लागते. रोलाँ बार्थ यांनी घोषित केलेला लेखकाचा मृत्यू येथे इतक्या शब्दशः घडतो की क्षणभर हसू यावे. मात्र ही लढाई एकट्याने जिंकणे जवळजवळ अशक्य ठेवलेले आहे. प्रत्येक पराभवानंतर, हे सारे निरर्थक आहे हे तुला मान्य आहे का, अशा धर्तीचे प्रश्न विचारले जातात. न डगमगता लढत राहिल्यास अखेर इतर खेळाडूंचे साहाय्य देऊ केले जाते. त्यांची याने आपल्याभोवती कडे करतात आणि त्यांवर प्रहार होताच कोणा अनोळखी व्यक्तीची नोंद नष्ट झाल्याचे नावानिशी कळते.

विजयानंतर खेळणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारला जातो : कोणा अपरिचिताला साहाय्य व्हावे म्हणून तू आपला ‘सेव्ह डेटा’, म्हणजे खेळातील प्रगतीची साठवलेली सारी नोंद, देऊन टाकशील का? ज्याला साहाय्य मिळेल तो तुला अत्यंत नावडता माणूसही असू शकेल, अशी सूचनाही मिळते. होकार दिल्यास जमवलेली शस्त्रे, नकाशे, पूर्ण केलेली कामे एकेक करून डोळ्यांदेखत पुसली जातात. साधारणीकरणाने दूर सारलेले ‘माझे’ येथे परत बोलावले जाते. आणि ते परत येते ते केवळ सोडून देण्यासाठी.

याच दिग्दर्शकाच्या २०१० सालच्या ‘निअर’शी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही एका अखेरीत नोंद पुसली जाते. परंतु ती काइने या परिचित पात्राच्या प्राणांसाठी. तो त्याग प्रेमातून येतो, म्हणून तो अजून कथेच्या आतला आहे. शिवाय २०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीत आणखी एक अखेर जोडून गमावलेली नोंद परत देण्यात आली. भरपाई झालेला त्याग हृद्य असेल, पण तो देवाणघेवाणीच्या कक्षेत परततो. २०१७ सालच्या कृतीत कथेच्या आतून अशी कोणतीही परतफेड नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. नोंदीची प्रत आधी काढून ठेवता येते, खेळ पुन्हा खेळता येतो. मग बाजारातील एका उत्पादनाने घडवलेल्या या क्षुल्लक हानीला बलिदान का म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. पण तो हानीचे मोल मोजतो, तिचा घाट पाहत नाही. येथे नकार देणाऱ्याला दंड नाही, होकार देणाऱ्याला पारितोषिक नाही. उरतो तो केवळ निर्णय, आणि तो पात्राचा नसून आस्वादकाचा आहे.

उद्धाराच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच शोधावे लागते. पात्रांचा उद्धार झाला, असे ही कृती म्हणत नाही. त्यांच्या स्मृती परत मिळवल्या जातात. पण पुन्हा तोच शेवट होऊ शकेल, हे पॉडही नाकारत नाही. वेगळ्या भविष्याची शक्यता तेवढी खुली राहते. ज्यांच्या नावाने सारे मेले ते मानवरूपी देव नाहीसे झालेल्या जगात उद्धार वरून येणे संभवत नाही. तो येतो शेजारून, एका अनोळखी माणसाने आपले काही गमावल्यामुळे. आणि त्याचे ऋण फेडण्याची वाटही त्याच्याकडे परत जात नाही. ती पुढच्या अनोळखी माणसाकडेच जाते.