‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ : एका विधानाची चिकित्सा

उरण, पनवेल, पेण या पट्ट्यात मालवाहतुकीच्या धंद्यात असलेल्या कोणालाही धंद्याचे विचारा. उत्तर काहीही असो, पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘गाड्या आहेत, ड्रायव्हर मिळत नाहीत.’ हेच वाक्य दिल्लीतही ऐकू येते. देशात सुमारे २२ लाख चालकांचा तुटवडा असल्याचे केंद्रीय रस्ते परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले आहे. विधान खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. उभ्या असलेल्या गाड्या मीही पाहिल्या आहेत. माझी तक्रार ‘टंचाई’ या शब्दाशी आहे.

मराठीत हा शब्द पाण्याला चिकटून आला आहे. पाणीटंचाई म्हटले की दोष आपोआप पावसाकडे जातो. पाणी कोणी उपसले, कुठे मुरवायचे राहिले, हे प्रश्न मागे पडतात. चालकांच्या टंचाईचेही तसेच झाले आहे. नवी पिढी कष्टाला तयार नाही, मुलांना घराजवळ काम हवे, असे म्हटले की विषय संपतो. निदान रायगडच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर इथे माणसांच्या टंचाईपेक्षा माणसांच्या वेळेची उधळपट्टी मोठी आहे, आणि ती उधळपट्टी दिसू नये अशी सोय आपल्या कायद्याच्या व्याख्येतच आहे. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

फेरी आणि रांग

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. जमीन गेली, बंदर आले आणि अनेक प्रकल्पग्रस्त घरांच्या दारात पुढे ट्रेलर उभा राहिला. त्यामुळे इथला मालक म्हणजे नेहमीच मोठा शेठ नसतो. कर्जाचे हप्ते फेडणारा, दोन-चार गाड्यांचा धनी तो बहुतेकदा असतो. त्याच्या गाडीवरचा चालक मात्र बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान किंवा मराठवाड्यातला.

बंदराभोवतीची बरीच वाहतूक लांब पल्ल्याची नाही. द्रोणागिरी, जासई, दास्तान फाटा, गव्हाण फाटा, पळस्पे या भागांत कंटेनर साठवण्याची केंद्रे आहेत. तिथून भरलेला डबा उचलायचा, टर्मिनलच्या गेटवर न्यायचा, उतरवायचा आणि जमले तर दुसरा घेऊन परत यायचे. अंतर मोजके किलोमीटर. दिवस जातो तो थांबण्यात : साठवण केंद्राच्या दारात, कागदपत्रांसाठी, टर्मिनलच्या गेटवर, रिकामा डबा परत घेणाऱ्या यार्डात. मोबदला मात्र साधारणतः फेरीवर ठरतो. फेरी झाली तर पैसे. रांगेत रात्र गेली तर ती रात्र चालकाची.

रांगेची कारणे चालकाच्या हातात नसतात, आणि कधी तर देशातही नसतात. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या संगणकीय हल्ल्यात मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली. त्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेव्यातील गेटवे टर्मिनलही ठप्प झाले. संगणक कीव्हमध्ये बिघडला आणि ट्रेलर उरणमध्ये उभे राहिले. रायगडमधून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर गणेशोत्सवाच्या दिवसांत अवजड वाहनांना मज्जाव होतो. चाकरमान्यांच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. पण त्या काळात रस्त्याकडेला गाडी लावून बसलेल्या माणसाचा दिवस कोणाच्या खात्यात धरायचा, हे कोणत्याही सूचनेत नसते.

बंदर जगात वेळ फुकट नसतो. जहाज ठरल्यापेक्षा जास्त थांबले तर डेमरेज लागते. डबा मुदतीत परत गेला नाही तर जहाज कंपनी डिटेन्शन लावते. डब्याच्या प्रवासावर नजर ठेवण्यासाठी २०१६ पासून न्हावा शेव्यात त्याला इलेक्ट्रॉनिक टॅग लावला जातो, म्हणून तो कुठे किती तास पडून होता हे सांगता येते. मालकाला ‘हॉल्टिंग’ मिळालेच तर ते वाटाघाटीने. या साखळीत ज्याच्या थांबण्याला दर नाही असा एकच घटक उरतो, तो म्हणजे चालक.

व्याख्येतली पंधरा मिनिटे

असे का, याचे एक उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ हा तसा चांगल्या हेतूचा कायदा. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्यासाठी किंवा सणासुदीला मंजुरी घेऊन १० आणि ५४ तासांपर्यंत. पण कामाचे तास म्हणजे काय? व्याख्येची सुरुवात उदार आहे : कामगार मालकाच्या हुकमतीत असतो तो वेळ. मग त्यात काय येते ते सांगितले आहे : गाडी चालू असतानाचे काम, आनुषंगिक काम आणि तिसरे, टर्मिनलवर ‘केवळ हजेरी’ म्हणून घालवलेला वेळ, पण तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच.

ही भाषा आली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३९ च्या रस्ते वाहतुकीविषयीच्या कराराकडून. त्या करारातही चालवणे, आनुषंगिक काम आणि केवळ हजेरी अशीच मांडणी आहे. मात्र तिथे केवळ हजेरीचा वेळ सरळ कामात धरला आहे. पंधरा मिनिटांची पाचर आपली. ती का मारली असावी? आनुषंगिक कामांच्या यादीत तिकीट तपासणी आणि रोकड भरणा येतो. त्यावरून कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एसटीसारखी बस होती, असे मला वाटते. बस स्थानकात दहा मिनिटे थांबली तर ते काम. तासभर थांबली तर चालक विश्रांतिकक्षात जाईल, चहा घेईल. वेळापत्रक असलेल्या सेवेला हा हिशेब शोभतो. टर्मिनलच्या रांगेत मात्र गाडी दर काही मिनिटांनी चार हात पुढे सरकवावी लागते. तिथे झोप लागली तर मागचा हॉर्न वाजवतो. ही विश्रांती नव्हे, आणि पंधरा मिनिटे उलटल्यावर तिला काम म्हणायलाही कायदा कचरतो.

शिवाय हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. दोन ट्रेलरच्या मालकाचा चालक त्याच्या कक्षेतच नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तेरा जुने कायदे विलीन झाले, त्यांत हाही एक. साठ वर्षांनी व्याख्या नव्याने लिहिण्याची संधी होती. पण संहितेतही पंधरा मिनिटे जशीच्या तशी आहेत. दरम्यान ‘टर्मिनल’ या शब्दाचा अर्थ एसटी स्टँडवरून न्हावा शेव्यापर्यंत पोचला होता.

टंचाईचे गणित

रांग आणि टंचाई यांचे नाते साध्या अंकगणिताचे आहे. चालकाच्या दिवसात दोन फेऱ्या व्हायच्या तिथे एकच झाली, तर तेवढ्याच मालासाठी दुप्पट चालक लागतात. अमेरिकेतही चालक-टंचाईची ओरड जुनी आहे. तिथल्या एमआयटी संस्थेतील संशोधक डेव्हिड कोरेल यांनी २०२१ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले की चालकांना दिवसाला ११ तास गाडी चालवण्याची मुभा आहे, पण प्रत्यक्षात सरासरी साडेसहा तासच चालवली जाते. बाकीचा वेळ मुख्यतः माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात जातो. त्यांच्या मते प्रश्न माणसांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वेळेच्या वापराचा आहे.

रांगेचा दुसरा परिणाम पुढच्या पिढीवर होतो. पूर्वी ट्रकवर उस्ताद आणि किन्नर अशी जोडी असे. किन्नर गाडी पुसता पुसता, पाना देता देता चालक होई. फेरीच्या पैशात दोघांचे भागेना, तसा किन्नर गाडीवरून उतरला आणि धंद्याची शाळाच बंद पडली. घरातूनही कोणी येत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत ८४ टक्के ट्रकचालकांनी आपल्या घरच्या कोणाला हा व्यवसाय सुचवणार नाही, असे सांगितले. याला मी कष्टाचा कंटाळा म्हणणार नाही. तो अनुभवातून निघालेला निष्कर्ष आहे.

उपाय कोणत्या प्रश्नावर?

सरकार स्वस्थ बसलेले नाही. २०१९ मध्ये चालक परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णची अट काढली. प्रशिक्षण संस्था उभारण्याची योजना आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. बंदरानेही रस्त्यावरची गर्दी हटवण्यासाठी सुमारे ४५ हेक्टरवर मध्यवर्ती वाहनतळ उभारला. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. पण बहुतेक उपाय नवी माणसे आणण्याचे आहेत, आलेल्यांचा वेळ वाचवण्याचे नाहीत. वाहनतळाने रांग रस्त्यावरून आत नेली, ही मोठीच सोय. प्रतीक्षेला मोल मात्र आले नाही. थंड केबिनचेही असेच. रांगेत इंजिन चालू ठेवल्याशिवाय साधारणतः ती थंड राहत नाही, आणि फेरीला डिझेल मोजून दिलेले असेल तर गारव्याची किंमत चालकाच्याच माथी येते.

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रकचालकांनी स्टेअरिंग सोडले. अपघातानंतर पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२) हे त्याचे निमित्त. सरकारने चर्चा केली, कलम स्थगित राहिले. अपघातातल्या जखमीला टाकून जाणे समर्थनीय नाहीच. तरी त्या वादात एक प्रश्न विचारलाच गेला नाही : स्टेअरिंगवर बसलेला माणूस त्याआधी किती तास जागा होता? सेव्हलाइफच्या त्याच पाहणीत जवळपास निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवल्याचे सांगितले. रांगेतले तास कामाचे नाहीत असे मानले की रात्रभर गेटवर जागलेला चालक सकाळी कागदावर ताजातवाना ठरतो. शिक्षेचे मोजमाप बारीक आणि थकव्याचे मोजमाप नाही, हा न्याय अपुरा आहे.

माझ्या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप छोट्या मालकाचा आहे. रांगेचे पैसे चालकाला द्यायचे तर तो आणणार कुठून? त्यालाही दर फेरीवरच मिळतो. आक्षेप खरा आहे, म्हणूनच बोजा त्याच्यावर टाकून चालणार नाही. ज्याच्या दारात गाडी थांबते त्याने थांबण्याचे द्यावे, हे डेमरेजचेच तत्त्व. गेटवर वेळेची नोंद आजही होते. रांगेत लागण्याची वेळही तशीच नोंदवावी, ठरलेल्या मुदतीपुढच्या प्रत्येक तासाला दर असावा आणि त्यातला चालकाचा वाटा मालकाच्या हिशेबात न मिसळता वेगळा दाखवावा. संहितेखालचे नियम करताना ‘पंधरा मिनिटांपेक्षा कमी’ या अटीचा फेरविचार व्हावा. थांबण्याला किंमत आली की रांग आखूड करण्यात टर्मिनलपासून साठवण केंद्रापर्यंत सर्वांनाच रस वाटू लागेल.

त्यानंतरही गाड्या उभ्या राहिल्या तर खुशाल टंचाई म्हणावे. तोवर ‘ड्रायव्हर मिळत नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर काल जो मिळाला होता तो किती तास रांगेत होता आणि त्याचे त्याला काय मिळाले, एवढे त्याला विचारावे.