‘साहसी कोण?’ : ताराबाई शिंदे यांच्या निबंधाचा पुनर्विचार

बुलढाणें येथील ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापला गेला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. १८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत लेखिकेची बाजू घेतली. त्यानंतर हें पुस्तक जें दृष्टीआड झालें, तें १९७५ सालीं प्रा. स. गं. मालशे यांनीं पुनः प्रसिद्ध करीपर्यंत. अलीकडे त्याचा बराच बोलबाला झाला असून, साम्यवादी राज्यांनीं स्त्रियांस दिलेल्या समतेचा हा पूर्वरंग होय, असें म्हणण्याचा मोह अनेकांस पडतो. हें मत कितपत टिकतें तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रसंग ध्यानांत घ्यावा. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस, स्वतःचें नवजात मूल मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती जन्मठेप काळ्या पाण्यावर व अखेरीस पांच वर्षांच्या कैदेवर आली. विधवाविवाहास मोकळीक देणारा कायदा १८५६ सालींच झालेला होता. म्हणजे ही स्त्री न्यायासनापुढें उभी राहिली तेव्हां त्या कायद्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. तिला पुनर्विवाहाचा हक्क होता, पण तो वापरण्याची सोय नव्हती. गुन्ह्यांत जो पुरुष भागीदार, त्याचें नांवही कोणी विचारिलें नाहीं. वृत्तपत्रांनीं मात्र या निमित्तानें अवघ्या स्त्रीजातीस दूषण दिलें. त्या दूषणाचें उत्तर म्हणजे हा निबंध.

आतां शब्दाकडे वळूं. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हें दाखविण्यासाठीं निबंध लिहिला, असें मुखपृष्ठावरच म्हटलें आहे. आजचा वाचक ‘साहसी’ याचा अर्थ धाडसी असा करतो आणि येथेंच फसतो. धर्मशास्त्रांत साहस हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक आहे. बळजोरीनें केलेला अपराध, हा त्याचा अर्थ. स्त्रियांचे स्वभावसिद्ध दोष सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितांत साहसाची गणना आहे, आणि भर्तृहरीच्या शृंगारशतकांतील एका श्लोकांत तर स्त्रीला साहसांचें नगरच ठरविलें आहे. ताराबाईंनीं विचारलेला प्रश्न पराक्रमाचा नसून अपराधाचा आहे. जुन्या आरोपपत्रांतील शब्द उचलून त्यांनीं तो फिर्यादीच्या दारीं नेऊन ठेविला. हा अर्थ सोडला म्हणजे मुखपृष्ठ गोड लागतें, पण निबंध कळत नाहीं.

रचनाही तशीच आहे. पूर्वपक्षाचा एकेक आरोप घ्यावयाचा, आणि त्यांतला दोष पुरुषांत अधिक आहे असें दाखवावयाचें. ही आपल्या खंडनग्रंथांची रीत होय. लेखिका शास्त्र्यांच्या पाठशाळेंत बसलेली नव्हती, हें ध्यानांत घेतां तिची पकड आश्चर्यकारक वाटते. सावित्री नवऱ्यासाठीं यमापर्यंत गेली. बायकोसाठीं यमाकडे गेलेला नवरा कोणी पाहिला आहे काय, असा तिचा सवाल आहे. पुराणांचा आधार घेऊन स्त्रीधर्म सांगणाऱ्यांस याचें उत्तर पुराणांतून देतां येत नाहीं.

आतां साम्यवादाशीं तुलना. कुटुंबसंस्थेच्या उत्पत्तीवरील एंगल्सचा ग्रंथ १८८४ चा, म्हणजे या निबंधानंतरचा. तेव्हां त्याच्या प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाहीं. पण विजयालक्ष्मीच्या खटल्यास रशियांतील कायदा लावून पाहण्यासारखा आहे. १९१८ च्या कायद्यानें औरस-अनौरस हा भेद तेथें मोडला; मातेनें पित्याचें नांव सांगावें आणि त्यानें खर्चाचा वाटा उचलावा, असें ठरलें. ताराबाईंचें गाऱ्हाणें ज्या ठिकाणीं होतें, नेमकें तेथेंच हें औषध पडलें. चीनमध्यें १९५० च्या विवाहकायद्यानें विधवेच्या पुनर्विवाहास आड येणें निषिद्ध केलें. केवळ मोकळीक देणाऱ्या १८५६ च्या कायद्याहून हें पाऊल पुढचें होय, यांत शंका नाहीं.

तथापि पुढचा इतिहासही वाचला पाहिजे. रशियांतील पक्षाचा स्त्रीविभाग १९१९ सालीं निघाला व १९३० सालीं बंद झाला. १९२० सालीं दिलेली गर्भपाताची मुभा १९३६ सालीं काढून घेतली व १९५५ सालीं पुनः दिली. १९४४ च्या फर्मानानें तर अविवाहित मातेचा पित्यावर दावा करण्याचा हक्कच गेला. सरकारनें तिला मदत नेमून दिली हें खरें. पण पुरुष पुनः सुरतेच्या त्या अनामिकासारखा मोकळा सुटला, तो १९६८ च्या कायद्यापर्यंत. युद्धांत माणसें खपलीं, संतति वाढवावयाची होती, म्हणून असें झालें. स्त्रीचा हक्क राज्याच्या गरजेवर टांगला म्हणजे गरजेबरोबर तोही हलतो.

आमच्या मतें ताराबाईंस साम्यवादाच्या पूर्वसूरी म्हणणें यासाठीं योग्य नाहीं. त्यांचा रोख राज्यकर्त्यावर नसून तराजू धरणाऱ्या हातावर आहे. तुलना हा शब्द ‘तुल्’ धातूपासून आला. वजनें दोघांस सारखीं असावींत एवढेंच त्यांचें मागणें. उलट, निबंधांतील उणीवही झांकूं नये. स्त्रीनें स्वतंत्रपणें पोट कसें भरावें, तिला वारसा काय मिळावा, शेतांत राबणाऱ्या बाईची मजुरी किती, या गोष्टींस त्यांत मुख्य स्थान नाहीं. शाळा, पाळणाघर, रोजगार यांची व्यवस्था साम्यवादी राज्यांनीं केली. रशियांत पुढें वैद्यांमध्यें स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक झाली. कोपानें अन्याय उघडा पडतो, पण त्यानें चूल पेटत नाहीं. मात्र चूल पेटवून देणाऱ्यानें तिच्यापुढें स्त्रीसच बसविलें, हें त्या राज्यांविषयींही तितकेंच खरें आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सिंदखेड राजा याच बुलढाणें जिल्ह्यांत. जिजाबाईंच्या जन्मस्थानाचा आम्हीं यथायोग्य अभिमान बाळगतों. परंतु त्याच जिल्ह्यांतील लेखिकेचें छापील पुस्तक नव्वदांवर वर्षें कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. याचें एक कारण आमचीच दृष्टि. मोडी रुमाल आम्हीं झाडून-पुसून ठेवितों, बखरींच्या प्रती ताडून पाहतों, आणि नऊ आण्यांचें पुस्तक रद्दींत जाऊं देतों. मेहकर, चिखली, जळगांव जामोद येथील जुन्या घरांतून दप्तरें तपासतांना १८८० च्या सुमाराचीं छापील पुस्तकें, नियतकालिकांचे सुटे अंक, समासांत बायकांच्या हातचीं अक्षरें असलेल्या वह्या यांचीही नोंद करावी. कागद हाताचा कीं छापाचा, लिहिणारा पुरुष कीं स्त्री, हें पाहून त्याचें मोल ठरविणें म्हणजे ताराबाईंनीं दाखविलेलीं तींच खोटीं वजनें संशोधनांत वापरणें होय.