ज्वालामुखीची वाट आणि प्रवासवर्णनाची भाषा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे लोकप्रिय आहे. परंतु त्याची भाषा फार लवकर शिळी होते, असें आमचें जुनें मत आहे. पर्वत दिसला कीं तो 'धीरगंभीर', सरोवर दिसलें कीं तें 'पाचूसारखें', आणि सारा प्रदेश म्हणजे 'भूलोकींचें नंदनवन'! या विशेषणांवर वर्गांत टीका करण्यांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. तींच आमच्या लेखणींतून उतरलेलीं पाहण्याचा प्रसंग आला, म्हणून हा लेख.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटांत टोंगारिरो हा ज्वालामुखी पर्वत एका दिवसांत ओलांडण्याची वाट आहे. मांगातेपोपोच्या खोऱ्यांतून निघून केतेताहीच्या बाजूस उतरेपर्यंत सुमारें २० किलोमीटर चाल होते. ७-८ तास लागतात. ती वाट चालून आल्यावर आम्हीं घरीं एक लांबलचक पत्र लिहिलें. महिन्याभरानें तें पुन्हा वाचलें आणि ओशाळलों. त्यांतील पर्वताचें नांव खोडून महाबळेश्वराचें घातलें असतें, तरी बहुतेक वाक्यें जशींच्या तशीं चाललीं असतीं!

पत्रांत काय राहिलें? वाटेंतील 'तांबडें विवर' १८८६ मीटर उंचीवर आहे. त्याचा रंग लोहाच्या गंजाचा. तेथून उतरतांना सुटी खडी पायांखालून घसरते, कडेनें वाफा निघतात, गंधकाचा वास येतो. खालच्या तळ्यांना पाचूचें नांव इंग्रजांनींच देऊन ठेवलें आहे. आम्हीं तें निमूटपणें उचललें. शेजारच्या तप्त भूमींतून झिरपणाऱ्या खनिजांनीं तो हिरवा रंग येतो, एवढें एक वाक्य लिहिलें असतें, तर वाचणाऱ्यास खालची जमीन जागी असल्याचें कळलें असतें. ६ ऑगस्ट २०१२ रोजीं याच पर्वताच्या ते मारी विवराचा स्फोट झाला आणि उडालेले दगड केतेताहीच्या विश्रामकुटीचें छप्पर फोडून आंत पडले. तेथील सौंदर्य आणि भय यांचें कारण एकच आहे. आमच्या विशेषणांनीं सौंदर्य तेवढें ठेवलें.

आपला सह्याद्रिहि लाव्हाचाच. परंतु तो सुमारें ६॥ कोटी वर्षांपूर्वींचा, केव्हांच थंड झालेला. म्हणून पर्वताला 'अचल' म्हणतांना आपणांस कांहीं वावगें वाटत नाहीं. माओरी कथेंत मात्र पर्वत चालतात. पिहांगा नांवाच्या सुंदर गिरिकन्येसाठीं ते झुंजले, आणि हरलेला तारानाकी पश्चिम किनाऱ्याकडे निघून गेला. पर्वतांना पंख होते व इंद्रानें ते छाटले, ही कथा बालपणीं ऐकलेल्या आम्हांस पत्र लिहितांना तिची आठवणहि होऊं नये, याचें नवल वाटतें.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. शेजारील न्गाउरुहोए हा २२८७ मीटर उंचीचा डौलदार शंकु. टोल्किनच्या १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळांत चित्रपट निघाले. त्यांत त्या कथेंतील विनाशाचा पर्वत दाखविण्यासाठीं याच शिखराचा उपयोग झाला. कादंबरीकाराकडे दोष नाहीं; त्याचा पर्वत कल्पनेंतला. परंतु न्गाती तूफारेतोआ लोकांना जो पूर्वजासमान, त्यास पाहुण्यांनीं दुष्टाच्या भट्टीचें नांव द्यावें, आणि तेंच आम्हींहि पत्रांत कौतुकानें लिहावें! शिखरावर चढूं नये व तळ्यांच्या पाण्यास स्पर्श करूं नये, अशी तेथील लोकांची विनंती आहे. आम्हीं ती पाळली. पण पत्रांत तिला 'निर्बंध' म्हटलें. गाभाऱ्याबाहेर जोडे काढतांना हा शब्द आम्हांस कधीं सुचला नाहीं.

'दान' या शब्दाचेंहि तसेंच. १८८७ मध्यें ते हेउहेउ तुकिनो या प्रमुखानें हीं शिखरें राणीच्या सरकारास 'दान' दिलीं आणि १८९४ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें, असें आम्हीं लिहिलें. वाइतांगी न्यायाधिकरणाच्या २०१३ च्या अहवालाप्रमाणें तें निखळ दान नव्हतें. रक्षणांत सरकारनें वांटेकरी व्हावें, असें तें आमंत्रण होतें. एका शब्दानें भागीदाराचा दाता होतो, आणि दात्याचा हक्क संपतो.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे भूगोलाचें वा कायद्याचें पुस्तक नव्हे. कबूल. परंतु ही भूमि कशी झाली, ती कोणाची, आणि तेथें आपण काय करूं नये, हे तीन प्रश्न ज्यानें विचारले नाहींत, त्याचा आनंद खरा असला तरी त्याचें वर्णन खरें नसतें.

तें पत्र आम्हीं फाडलें नाहीं. यापुढें वर्गांत सदोष प्रवासवर्णनाचा नमुना म्हणून तेंच वाचून दाखविणार आहों.