‘ट्राक’ वाहिनीची स्फटिकरचना : एक परीक्षण

मानवी ‘ट्राक’ या पोटॅशियम-वाहिनीची स्फटिकरचना ब्रॉहॉन, देल मार्मोल व मॅकिनन यांनी २०१२ साली ३.८ अँगस्ट्रॉम विभेदनाने प्रसिद्ध केली. छिद्रावरील टोपीचे व तिच्या बाजूंनी जाणाऱ्या आयनमार्गांचे तीत घडलेले दर्शन निःसंशय मोलाचे होय. परंतु साखळीचा कोणता भाग कोणत्या भागास जोडावा, हा निर्णय इतक्या अस्पष्ट नकाशावर सोपविणे धोक्याचे होते. २०१३ साली त्याच प्रयोगशाळेने प्रतिपिंडाच्या अंशासह नवे स्फटिक वाढवून २.७५ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल मारली. तेव्हा दोन्ही साखळ्यांच्या बाह्य सर्पिलांची टोपीपाशी अदलाबदल झालेली आढळली. पहिल्या प्रतिकृतीत ती नव्हती. वाहिनीचे मुख्य स्वरूप मात्र अबाधित राहिले. आकृतीतील रेषा नकाशातील पुराव्याहून ठळक असू नये, हाच या दोन निबंधांचा एकत्रित बोध होय.